जुने जीपीएस यंत्र बदलताना : मोर्शीच्या नोंदींचे काय?

हातात मावणारे जीपीएस यंत्र बदलणे वरकरणी मोबाइल बदलण्याइतके सोपे वाटते. परंतु ज्यांच्या जुन्या यंत्रात विहिरी, कूपनलिका, बंधारे आणि जंगलवाटा यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी साठल्या आहेत, त्यांच्यापुढचा खरा प्रश्न यंत्राचा नसून त्या नोंदींचा असतो. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुका हे याचे बोलके उदाहरण आहे. संत्र्याच्या बागा, अतिउपशामुळे खोल गेलेले भूजल, सिंभोऱ्याजवळचे अप्पर वर्धा धरण आणि सातपुड्याच्या पायथ्याचे सालबर्डी अशा या प्रदेशात शंभर मीटरची चूकही महागात पडू शकते. १९९३ च्या राज्य भूजल कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले होते. अशा मर्यादेत विहीर आत आहे की बाहेर, हे नोंदीच्या अचूकतेवरच ठरते.

जुन्या यंत्राची मर्यादा

अमेरिकेने २ मे २००० पर्यंत नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर दोष ठेवला होता. त्यामुळे स्थान सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकत असे. तो दोष काढल्यावर चूक दहा-पंधरा मीटरवर आली. त्याच सुमारास गार्मिन कंपनीचे पिवळ्या रंगाचे ‘ईट्रेक्स’ बाजारात आले. बारा उपग्रहांचे संकेत एकाच वेळी घेणारे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे हे यंत्र जगभर लोकप्रिय झाले. मात्र झाडांच्या दाट छायेत ते अनेकदा अडखळे. २०११ मध्ये आलेल्या ‘ईट्रेक्स १०, २०, ३०’ या मालिकेत अमेरिकी उपग्रहांच्या जोडीला रशियाच्या ‘ग्लोनास’ उपग्रहांचाही उपयोग होऊ लागला. अलीकडची काही यंत्रे दोन वारंवारितांवर संकेत घेतात आणि उघड्या आकाशाखाली दोन-तीन मीटरपर्यंत अचूक स्थान देतात. दरीत कड्यावरून परावर्तित होऊन येणारे संकेत ओळखण्यातही ती सरस ठरतात.

जुन्या यंत्रांना आणखी एक व्याधी आहे. जीपीएसचा मूळ काळगणक १०२४ आठवडे मोजून पुन्हा शून्यावर येतो. असे १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री घडले. त्यानंतर काही जुनी यंत्रे स्थान बरोबर, परंतु तारीख सुमारे वीस वर्षे मागची दाखवू लागली. म्हणून नोंदीवरील तारीखही तपासून घ्यावी.

रेखांश ७८ चा पेच

नकाशाच्या कामात अंश-मिनिटांऐवजी मीटरमध्ये स्थान देणारी ‘यूटीएम’ पद्धत सोयीची असते. या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश हा त्रेचाळिसावा पट्टा आणि ७८ ते ८४ हा चव्वेचाळिसावा. ७८ अंशाची ही सीमारेषा नेमकी मोर्शी परिसरातून जाते. अमरावती शहर तिच्या पश्चिमेला, तर अप्पर वर्धा धरण आणि वरुड पूर्वेला आहे. परिणामी रेषेच्या अलीकडे यंत्रावर पूर्व दिशेचा आकडा सुमारे ८ लाख ११ हजार मीटर दिसतो आणि चार पावले पलीकडे गेल्यावर तोच १ लाख ८९ हजारांवर येतो. यंत्र बिघडलेले नसते, केवळ पट्टा बदललेला असतो. मात्र वहीत पट्ट्याचा क्रमांक लिहिलेला नसेल, तर नव्या यंत्रात भरलेला बिंदू शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतो.

दुसरा पेच ‘डेटम’चा, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि मोजणीचा आरंभ कोणता मानला याचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ मानकावर आधारलेले आहेत. जीपीएसचे स्वतःचे मानक ‘डब्ल्यूजीएस ८४’ आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे या दुसऱ्या मानकावर आले. दोन्ही मानकांत एकाच जागेच्या आकड्यांत शंभर मीटरहून अधिक फरक पडू शकतो. पेयजल स्रोतापासून ४५० मीटरवरची विहीर त्यामुळे कागदावर ५०० मीटरच्या पलीकडे जाऊ शकते.

तिसरी चूक लेखनाची. २१ अंश २०.५ मिनिटे ही नोंद २१.२०५ अंश अशी वाचली, तर बिंदू सुमारे पंधरा किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

नोंदी कशा हलवाव्यात?

जुने यंत्र टाकून देण्यापूर्वी त्यातील नोंदी संगणकावर उतरवाव्यात. जुन्या यंत्रांची केबल सिरियल पोर्टची असते. आजच्या लॅपटॉपला त्यासाठी यूएसबी जोडणी लागते. ‘जीपीएसबेबल’ हा मोफत प्रोग्राम या नोंदी ‘जीपीएक्स’ स्वरूपात साठवतो आणि नवी यंत्रे ते स्वरूप वाचतात. या स्वरूपात स्थान नेहमी डब्ल्यूजीएस ८४ च्या अंशांत असल्याने पट्ट्याचा घोळ टळतो. वहीतील नोंदी मात्र डेटम, पट्टा आणि तारीख पाहूनच भराव्यात. २ मे २००० पूर्वीचे बिंदू शक्य तर जागेवर जाऊन पुन्हा घ्यावेत.

त्यानंतर दोन्ही यंत्रे विहिरीच्या कठड्यासारख्या एखाद्या पक्क्या जागी शेजारी ठेवून, वेगवेगळ्या दिवशी, काही मिनिटे वाचन घ्यावे. फरक दहा-पंधरा मीटरच्या आत असेल तर जुन्या नोंदी भरवशाच्या मानता येतात. फरक शंभर मीटरहून अधिक आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने येत असेल, तर डेटम चुकला आहे असे समजावे.

धुऱ्याचा निकाल यंत्र देत नाही

नवे यंत्र कितीही चांगले असले तरी त्याची चूक शून्य होत नाही. संत्र्याची झाडे सहा बाय सहा मीटरवर लावली तर हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. तीन मीटरची चूक म्हणजे दोन ओळींमधले निम्मे अंतर. त्यामुळे विहीर शोधणे, वाट नोंदणे, बागेचे अंदाजे क्षेत्र काढणे यासाठी हे यंत्र पुरेसे आहे. परंतु वऱ्हाडात ज्याला धुरा म्हणतात त्या बांधाचा वाद त्याच्या आधारे मिटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाची अधिकृत मोजणीच मागवावी लागते.

खरेदीच्या वेळी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवताना त्यात उपग्रहाद्वारे संदेश पाठवण्याची सोय नाही, याची खात्री करावी. अशी यंत्रे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणणे वा वापरणे बेकायदा आहे. केवळ संकेत ग्रहण करणाऱ्या साध्या जीपीएस यंत्राला हा नियम लागू होत नाही.