वहीतले क्रमांक आणि नामंजूर नोंदी

मंडळी, पिशोरच्या चावडीत फेरफाराची वही उघडलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजचा विषय परका वाटू नये. खरेदीखत झाले वा वारस लागले की नोंद धरली जाते, तिला क्रमांक पडतो. नोटिसा निघतात, हरकती ऐकल्या जातात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात किंवा नामंजूर. नामंजूर झाली म्हणून कोणी पान फाडीत नाही. क्रमांक राहतो, पुढे शेरा पडतो.

अशीच एक वही संगणकाच्या जगात १९९९ साली सुरू झाली. तिच्यात नोंद होते ती सॉफ्टवेअरमधल्या दोषांची. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या आज्ञा. माणसाने लिहिल्या, तेव्हा चूक राहायचीच. पण काही चुका अशा, की त्या वाटेने चोर आत शिरतो. तुमचे बँकेचे खाते आणि ऑनलाइन सातबारा याच आज्ञांवर चालतात, हे ध्यानात असू द्या.

पूर्वी एकाच दोषाला जो तो आपले नाव देई. एकाच शेताला थोरला भाऊ ‘वडाखालचे’ म्हणतो आणि धाकटा ‘विहिरीचे’, तशातली गत. अमेरिकेतील मायटर या संस्थेतले डेव्हिड मॅन आणि स्टीव्हन क्रिस्टी यांनी जानेवारी १९९९ मध्ये सर्वांसाठी एकच यादी असावी असे सुचविले. सप्टेंबरात ३२१ दोषांची यादी निघाली. तिचे नाव सीव्हीई. क्रमांकात आधी साल, मग आकडा.

आता खरी मौज पुढेच आहे. दोष सापडल्याबरोबर तो जाहीर केला, तर दुरुस्तीआधी चोरालाच वाट दाखविल्यासारखे होईल. म्हणून क्रमांक आधी राखून ठेवतात, मजकूर मागाहून भरतात. तोवर तिथे नुसते ‘राखीव’ दिसते. असे क्रमांक देण्याचा अधिकार पुष्कळ संस्थांना आणि कंपन्यांना वाटून दिलेला आहे. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला तो २०२१ साली मिळाला.

पण अधिकारी अनेक, म्हणजे घोटाळाही आलाच! २०१४ साली ‘हार्टब्लीड’ हा भयंकर दोष उघडकीस आला. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधूनच पासवर्ड गळू शकत होते. गूगलच्या नील मेहता यांना तो सापडला, आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन कंपनीतल्या लोकांनाही, स्वतंत्रपणे. दोन क्रमांक राखले गेले : २०१४-०१६० आणि २०१४-०३४६. पहिला आधी जाहीर झाला, म्हणून तोच टिकला. दुसरा नामंजूर. तरी तो पुसला नाही, की दुसऱ्या दोषाला दिला नाही. हा वापरू नका, ०१६० पाहा, असा शेरा त्यावर आहे. कोणाच्या टिपणात जुना आकडा राहिला असेल, तर त्याने कुठे जावे? मला तर ही नामंजूर नोंद मंजूर नोंदीइतकीच मोलाची वाटते. दोष मुळात दोषच नव्हता असे ठरले, किंवा राखलेला क्रमांक वापरलाच नाही, तरीही असाच शेरा पडतो.

वही चोख, पण लिहिणाराचा खर्च कोणी सोसायचा? तो अमेरिकी सरकार देत आले. १६ एप्रिल २०२५ रोजी मायटरचा करार संपणार, ही बातमी आदल्या दिवशी फुटली आणि जगभरच्या जाणत्यांची झोप उडाली. अगदी शेवटच्या घटकेला अकरा महिन्यांची मुदतवाढ मिळाली.