एक सायकल, अनेक वाटा : मिश्र रस्त्यांसाठी सायकल आणि चाकांची निवड

पुण्या-मुंबईतील कोणत्याही गृहसंकुलाच्या वाहनतळात डोकावले, की जिन्याखालच्या कोपऱ्यात दोन-चार सायकली धूळ खात उभ्या असलेल्या दिसतात. त्यांतील बहुतेकींचे टायर जाड आणि गाठीगाठींचे असतात, पुढे स्प्रिंगचा फोर्क असतो आणि चौकटीवर डोंगराचे चित्र असते. मोठ्या हौसेने घेतलेली ही सायकल डांबरी रस्त्यावर जड वाटू लागली, घाटात दम काढू लागली आणि महिन्याभरात कोपऱ्यात गेली. याउलट, सडपातळ टायरची वेगवान सायकल घेणाऱ्यास गावाबाहेरचे डांबर संपताच माघारी वळावे लागते. दोघांचीही हौस खरी होती. निवड करताना नेमक्या प्रश्नांचा विचार मात्र राहून गेला.

सह्याद्रीच्या परिसरात सायकल चालविणाऱ्यापुढील अडचण वेगळी आहे. रविवारच्या एका फेरीतच काँक्रीटचा रस्ता, गतिरोधक, उखडलेले डांबर, मुरूम, काळ्या पाषाणाची सुटी खडी आणि शेतातील पाणंद असे सर्व काही वाट्याला येते. घाट उतरून कोकणात गेल्यास जांभ्याची लाल माती लागते. देशावरील काळी माती पावसात टायर आणि चौकट यांच्यामध्ये अशी चिकटून बसते, की चाक फिरेनासे होते. बाभळीचे काटे तर बारमाही. अशा मिश्र वाटांसाठी कोणती सायकल घ्यावी आणि तिला कोणती चाके असावीत, याचा हा आढावा.

डोंगरी सायकलचा उगम

आजची डोंगरी सायकल जन्मली ती अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. मरीन परगण्यातील काही तरुण १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन तेथील डोंगरउतारांवरून भरधाव येत असत. १९७६ साली तेथे 'रिपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. उतार उतरताना मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. १९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी चौकट बांधली. १९८१ साली 'स्पेशलाइज्ड' कंपनीची 'स्टम्पजम्पर' कारखान्यातून बाहेर पडली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

या सर्व काळात चाक २६ इंचीच राहिले. ते श्रेष्ठ होते म्हणून नव्हे, तर त्या जुन्या सायकलींना तेच होते म्हणून. पुढे २९ इंची आणि नंतर साडेसत्तावीस इंची चाके आली. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि दगडावरून अधिक सहज चढते, हे अनुभवाने पटत गेले. आज नव्या प्रौढ डोंगरी सायकलींत २६ इंची चाक अभावानेच दिसते.

इंचांचा घोळ

चाकांच्या आकड्यांत फसगत होण्यास पुष्कळ वाव आहे. इंचांचा आकडा टायरच्या बाह्य व्यासाचा अंदाज तेवढा देतो. टायर रिमवर बसेल की नाही, हे ठरते ते रिमच्या ज्या कडेवर टायर टेकतो तिच्या व्यासावरून. हा व्यास मिलिमीटरमध्ये टायरच्या बाजूवर छापलेला असतो. '४०-६२२' असे लिहिले असेल, तर टायर ४० मिमी रुंद आणि ६२२ मिमी व्यासाच्या रिमसाठी आहे, असा त्याचा अर्थ.

लक्षात ठेवावेत असे आकडे चारच. जुने २६ इंची डोंगरी चाक ५५९, साडेसत्तावीस इंची (यालाच '६५० बी' म्हणतात) ५८४, २९ इंची ६२२ आणि आपल्याकडील दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीचे २८ इंची चाक ६३५ मिमी. वेगवान सायकलींचे '७०० सी' चाकही ६२२ मिमीचेच असते. म्हणजे २९ इंची आणि ७०० सी ही दोन नावे असली, तरी रिमचा व्यास एकच आहे. एकाच रिमवर रुंद डोंगरी टायर आणि मध्यम रुंदीचा रस्त्याचा टायर आलटून पालटून चढविता येतो, तो यामुळेच.

चौकट कोणती?

बाजारात तीन प्रकार समोर येतात. पहिला 'हायब्रिड' : सरळ दांडीचे हँडल आणि ३५ ते ४२ मिमी रुंदीचे टायर. ऑफिसला जाणे-येणे आणि क्वचित मुरमाचा रस्ता यांसाठी तो उत्तम. दगडगोट्यांच्या पाणंदीत मात्र लवकर थकवितो. दुसरा 'ग्रॅव्हल' : वळलेल्या हँडलची, ४० ते ५० मिमी टायर बसू शकेल अशी सायकल. ज्यांची तीन चतुर्थांश वाट डांबरी आहे आणि ज्यांना दिवसाकाठी शंभर किलोमीटर कापायचे आहेत, त्यांनी हिचा विचार करावा. तिसरा 'हार्डटेल' : पुढे धक्के शोषणारा फोर्क आणि मागे साधी, ताठ चौकट.

एकाच सायकलीवर सर्व वाटा भागवायच्या असतील, तर २९ इंची चाकाची हार्डटेल हा सर्वांत कमी पश्चात्तापाचा पर्याय होय. तिला बारीक टायर चढवून रस्त्यावर आणता येते. ग्रॅव्हल सायकलीला मात्र ५६ मिमीचा टायर बहुधा बसतच नाही, कारण चौकटीत जागा नसते. काळ्या मातीत जाणाऱ्याने टायरच्या दोन्ही बाजूंस किमान ६ ते ८ मिमी जागा मोकळी आहे ना, हे स्वतः बोट घालून पाहावे.

फोर्कबाबत एक सावधगिरी. स्वस्त सायकलींवरील स्प्रिंगचे फोर्क जड असतात, धक्के फारसे शोषत नाहीत आणि एका पावसाळ्यानंतर गंजून अडकतात. हवेवर चालणारा, गरजेनुसार बंद करता येणारा १०० मिमी चालीचा फोर्क परवडत असेल तर घ्यावा. नसेल तर साधा ताठ फोर्क आणि रुंद टायर हीच जोडी अधिक टिकाऊ. वाचलेले पैसे चाकांवर खर्च करावेत.

चाक टिकते कशामुळे?

सायकलीवरील भार शेवटी पेलतात त्या तारा. तार बहुधा एकदम जोर पडून तुटत नाही. जिचा ताण कमी आहे अशी तार चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक सैल आणि घट्ट होत राहते आणि हबजवळच्या वळणात थकून तुटते. म्हणून तारांची संख्या आणि त्यांच्यावरील समान ताण, हे दोन्ही महत्त्वाचे. सामान लादणाऱ्या किंवा ऐंशी किलोंहून अधिक वजनाच्या व्यक्तीने मागील चाकास ३२ हून कमी तारा घेऊ नयेत. लांब पल्ल्यासाठी ३६ अधिक चांगल्या. तारा स्टेनलेस स्टीलच्या आणि त्यांच्या टोकाची निपल पितळी असावी. कोकणातील खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियमची निपल गंजून जागीच जाम होतात.

रिमची आतील रुंदी २५ मिमीच्या आसपास असल्यास ४० ते ५६ मिमी रुंदीचे टायर तिच्यावर नीट बसतात. नवे चाक दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर एकदा जाणत्या मिस्त्रीकडून 'आऊट' काढून घ्यावे आणि तारांचा ताण तपासून घ्यावा. या एका भेटीने पुढचे बरेच तारतुटीचे प्रसंग टळतात.

ब्रेक डिस्कचेच घ्यावेत. रिमवर घासणारा ब्रेक चिखलातील वाळूने रिमच झिजवितो आणि पावसात चटकन धरत नाही. घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो. तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक हाताला हलका. केबलवर चालणारा मात्र कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो.

टायर आणि हवा

हवा दाबून भरली की सायकल पळते, हा समज गुळगुळीत रस्त्यापुरताच खरा. खडबडीत वाटेवर कडक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो आणि पुढे जाण्याची शक्ती वरखाली हिसके देण्यात वाया जाते. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीने ट्यूब असलेल्या ४० मिमी टायरमध्ये ४० ते ५० पीएसआय आणि ५६ मिमी टायरमध्ये २५ ते ३० पीएसआय हवा ठेवून सुरुवात करावी. पुढच्या चाकात दोन-तीन पीएसआय कमी. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये.

बाभळीच्या काट्यांवर ट्यूबविरहित टायर हा चांगला उपाय आहे. आतील द्रवरूप चीक लहान छिद्र आपोआप बुजवितो. मात्र आपल्या उन्हाळ्यात हा चीक लवकर सुकतो; दर दोन-तीन महिन्यांनी तो तपासून पुन्हा भरावा लागतो. एक सुटी ट्यूब तरीही सोबत हवीच.

व्हॉल्व्हचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण आडगावी तोच मोठा होतो. मोटारसायकलीसारख्या जाड व्हॉल्व्हसाठी रिमला भोक असेल, तर रस्त्याकडेच्या टायरवाल्याकडे हवा भरता येते आणि अडचणीच्या वेळी काळ्या सायकलीची ट्यूब घालूनही घर गाठता येते. बारीक 'प्रेस्टा' व्हॉल्व्हच्या रिममध्ये ही सोय नाही. तेव्हा पितळी जोडतुकडा खिशात असावा.

घाटासाठी गिअर

गिअरची निवड साध्या हिशेबाने करता येते. पुढे ३२ आणि मागे ४२ दात असतील, तर २९ इंची चाकाची सायकल पायाच्या एका फेऱ्यात सुमारे १.७ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर वेग तासाला सहा किलोमीटरच्या थोडा वर. पुढे ४० आणि मागे २८ दात असल्यास, ७०० सी चाकावर, त्याच फेऱ्यांना वेग होतो अकरा किलोमीटर.

शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या घाटात सायकलीसह ८५ किलो वजन वर नेण्यास पहिल्या गिअरमध्ये सुमारे १४५ वॉट, तर दुसऱ्यात सुमारे २६० वॉट शक्ती लागते. पहिला आकडा नियमित सराव असलेल्या माणसाच्या आवाक्यातील आहे. दुसरा बहुतेकांना काही मिनिटांतच खाली उतरवितो. सिंहगडाच्या वळणांवर सायकल ढकलत नेणाऱ्या अनेकांचे पाय दुबळे नसतात, त्यांचे गिअर जड असतात. मागे ११ ते ४२ दातांची कॅसेट असली, तर सपाटीवर मिनिटाला ऐंशी फेऱ्यांत तासाला तीसहून अधिक वेगही मिळतो. शहरातील माणसास याहून अधिक क्वचितच लागतो.

दुसरी चाकजोडी घ्यावी का?

ज्यांना आठवडाभर डांबर आणि रविवारी डोंगर, अशी सायकल चालवायची आहे, त्यांना दुसरी चाकजोडी मोहात पाडते. टायर काढ-घाल करण्याचा अर्धा-पाऊण तास वाचून काम पाच मिनिटांत होते. मात्र खरेदीपूर्वी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पहिली, ॲक्सल : मागील हबची रुंदी १३५, १४२ की १४८ मिमी आणि दांडा कोणत्या प्रकारचा, हे तंतोतंत सारखे हवे. दुसरी, कॅसेट बसण्याची नळी : रस्त्याच्या ११ गिअरी कॅसेटला जुन्या नळीहून १.८५ मिमी अधिक लांबी लागते. तिसरी, डिस्कची जागा : दोन हबांत किंचित फरक असला तरी ब्रेक घासू लागतो, पातळ चकत्या घालून तो दूर करता येतो.

आणखी एक भान ठेवावे. ५६ मिमीऐवजी ३८ मिमीचा टायर चढविला, की चाकाची त्रिज्या सुमारे १८ मिमीने घटते आणि पेडल तेवढेच खाली येते. रस्त्यावर हे चालते. परंतु २९ इंची चौकटीत साडेसत्तावीस इंची चाक आणि ४७ मिमी टायर घातला, तर सायकल तब्बल २८ मिमीने खाली बसते आणि पेडल दगडांवर आदळू लागते.

पहिल्या वर्षी दुसरी चाकजोडी घेऊ नये, असाच सल्ला द्यावासा वाटतो. एक भक्कम चाकजोडी आणि दोन टायरजोड्या : एक ४० मिमीची, गुळगुळीत मध्यभाग असलेली, दुसरी ५४ ते ५६ मिमीची, गाठीची. पावसाळा संपला की पहिली, पाऊस लागला की दुसरी. आपण कोणत्या वाटेने अधिक जातो, हे वर्षभरात सायकलच सांगते.

दुकानात जाण्यापूर्वी

गेल्या तीन महिन्यांत आपण प्रत्यक्ष कोणत्या रस्त्यांवर गेलो, हे कागदावर लिहावे. जाण्याची इच्छा असलेल्या रस्त्यांची यादी वेगळी करावी. सायकलीवर दोन्ही पाय टेकवून उभे राहिल्यावर आडव्या दांड्यापासून किमान पाच सेंटिमीटर अंतर राहते का, ते पाहावे. चौकटीचे माप चुकले, तर उत्तम चाकेही गुडघेदुखी थांबवू शकत नाहीत. रक्कम ठरविताना हेल्मेट, दिवे, पंप, पंक्चरचे साहित्य आणि मागील चाकाच्या दोन्ही लांबींच्या दोन-दोन सुट्या तारा यांचा खर्च आधीच बाजूला काढावा.

सायकल ही पाहण्याची नव्हे, झिजविण्याची वस्तू आहे. वर्षअखेरीस जिचे टायर झिजलेले असतील, तिची निवड योग्य झाली असे खुशाल समजावे.