नोआय घराण्याच्या लेकी

फ्रान्सच्या लिमुझँ प्रांतातलं नोआय हे जुनं सरदार घराणं. या घराण्यानं फ्रान्सला चार मार्शल दिले, पॅरिसला एक आर्चबिशप दिला. 1663 साली घराण्याकडे ड्यूकपद आलं. वंशावळीत हे सगळं व्यवस्थित नोंदलेलं आहे. मला मात्र हे घराणं कळलं ते त्यातल्या लेकींनी जपलेल्या आठवणींमधून.

आमच्या आजोळीही वंशावळ होती. दिवाळीत आजोबा ती उलगडून वाचायचे. वतन कुणाला मिळालं, वाडा कुणी बांधला, सगळं त्यात होतं. बायका तेवढ्या नव्हत्या. त्या भेटायच्या आजीच्या बोलण्यात. प्लेगच्या साली पोरांना घेऊन माळावरच्या झोपडीत राहिलेली पणजी, सावकाराच्या दारात ठाण मांडून जमिनीचा कागद सोडवून आणणारी तिची जाऊ. तांदूळ निवडता निवडता आजी सांगायची आणि बोटं थांबली की समजावं, आता कुणाचं तरी मरण येणार. पुढं वतन गेलं, वाडाही पडला. आज मला माझी माणसं ठाऊक आहेत ती आजीमुळे. म्हणून नोआय घराण्याबद्दल वाचतानाही मी आधी बायका शोधल्या.

त्यातली एक आद्रियेन. ड्यूकच्या पाच लेकींमधली दुसरी. 1774 साली, चौदाव्या वर्षी, तिचं लग्न पुढं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गाजलेल्या लाफायेतशी झालं. थोरली बहीण लुईझ कुळातच दिलेली. तिचा नवरा व्हिकाउंट द नोआय. 4 ऑगस्ट 1789च्या रात्री राष्ट्रीय सभेत उभं राहून सरंजामी हक्कांवर पाणी सोडण्याचा प्रस्ताव मांडणारा तो हाच. पण फ्रेंच राज्यक्रांतीनं त्याची बायको वाचवली नाही. 22 जुलै 1794 रोजी लुईझ, तिची आई आणि तिची आजी अशा तीन पिढ्या एकाच दिवशी गिलोटिनखाली गेल्या. शेवटच्या क्षणी सोबत असेन, असा शब्द फादर कारिशाँ यांनी त्यांना दिला होता. वेष पालटून ते तिघींना वधस्थळी नेणाऱ्या गाडीमागे चालत राहिले, आणि वादळी पावसात गर्दीतूनच त्यांनी तिघींसाठी क्षमेची प्रार्थना म्हटली. हे सारं त्यांनी पुढं लिहून ठेवलं. तिघींच्या मृत्यूनंतर पाचच दिवसांत, या दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिएर याची सत्ता कोसळली.

आद्रियेनही तेव्हा कैदेतच होती. सुटल्यावर दोन मुलींना घेऊन ती ऑल्म्युट्झला गेली. तिथं ऑस्ट्रियाच्या तुरुंगात नवरा अडकला होता. आपण होऊन ती त्याच्या कैदेत सामील झाली. लिहायला कागद नव्हता. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँच्या ग्रंथाच्या समासात, दात कोरायची काडी शाईत बुडवून, तिनं आपल्या आईचं चरित्र लिहिलं. पुढं आद्रियेनचं चरित्र तिच्या लेकीनं, व्हर्जिनीनं लिहिलं.

तरी एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. तिघींना पुरलं कुठं? आद्रियेन आणि तिची बहीण पोलीन शोध घेत राहिल्या. उत्तर मिळालं ते लेस दुरुस्त करून पोट भरणाऱ्या एका गरीब मुलीकडून. तिचे वडील आणि भाऊही गिलोटिनवर गेले होते. प्रेतं नेणाऱ्या गाडीमागे ती चालत गेली होती आणि पॅरिसमधली पिक्प्युसची जागा तिनं पाहून ठेवली होती. सहा आठवड्यांत 1306 माणसं तिथल्या दोन खड्ड्यांत टाकली गेली होती. नातेवाइकांनी वर्गणी काढून शेजारची जमीन घेतली आणि तिथं आपली दफनभूमी केली. 1807 साली आद्रियेन तिथंच विसावली, 1834 साली लाफायेतही.

पिक्प्युसच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर त्या 1306 जणांची नावं कोरली आहेत, वय आणि व्यवसायासकट. सरदारांच्या ओळीत शेतकरी आहेत, घरगडी आहेत, जोगिणी आहेत. एवढ्या मोठ्या घराण्याला आपल्या माणसांची माती सापडली ती एका कष्टकरी मुलीच्या आठवणीमुळे. नोआय घराण्याचा इतिहास लिहिताना मार्शलांच्या बरोबरीनं मी तिला जागा देईन. ड्यूकपदाइतकंच तिचंही देणं या घराण्यावर आहे.