सिरीयल पोर्टची ओळख कशी हरवली

लिनक्सच्या संगणकाला चार यूएसबी-सिरीयल अडॅप्टर लावले, संगणक पुन्हा सुरू केला, आणि काल ज्या नावावर वजनकाटा होता तिथे आज राउटर सापडला, ही तक्रार जुनी आहे. दोष बहुधा लिनक्सच्या माथी मारला जातो. पण सिरीयल पोर्टचा इतिहास पाहिला, तर घोळाचे मूळ लिनक्समध्ये नसून पोर्टला स्वतःची जागा उरली नाही, यात आहे. टर्मिनल आणि मोडेम जोडण्यासाठी आरएस-२३२ हे मानक १९६० साली आले. १९८१च्या आयबीएम पीसीत पहिल्या सिरीयल पोर्टचा पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट ४, तर दुसऱ्याचा २एफ८ आणि इंटरप्ट ३. पत्ता कार्डावरच्या जंपरने ठरे. पहिला आणि तिसरा पोर्ट एकाच इंटरप्टवर आल्याने माउस आणि मोडेम एकमेकांच्या पायात पाय घालत, म्हणजे तो काळ सुखाचा होता असे मुळीच नाही. मात्र लिनक्सनेही तेच पत्ते घेतल्यामुळे 'टीटीवायएस०' म्हणजे कोणता पोर्ट, याबद्दल शंका नसे.

१९९६ साली यूएसबी आले, १९९८च्या आयमॅकने जुने सिरीयल पोर्ट काढूनच टाकले, आणि हळूहळू पीसीवरूनही ते गेले. यूएसबीत उपकरणाला कायमचा पत्ता नसतो. ते जोडले की संगणक त्याला एक क्रमांक देतो आणि काढले की तो परत घेतो. मग कर्नल 'टीटीवाययूएसबी' मालिकेतला रिकामा असलेला सर्वांत लहान आकडा देतो, दवाखान्यात टोकन मिळावे तसा. कोणता हब आधी जागा झाला, कोणता ड्रायव्हर आधी चढला, यावर क्रम ठरतो. वायर क्षणभर हलली आणि एखाद्या प्रोग्रामने जुना पोर्ट धरूनच ठेवला असेल, तर शून्याचा एक होतो. बिघाड शोधणारा मात्र केबल बदलत बसतो.

मग कर्नलनेच नावे लक्षात का ठेवू नयेत? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्या वाटेवर एक प्रयोग झालाही. २००० साली आलेल्या डेव्हएफएसमध्ये नावे कर्नलच ठरवत असे. कोणाला काय म्हणावे हा धोरणाचा प्रश्न आहे, तो कर्नलच्या बाहेर सुटावा, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्याच विचाराने २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या बाहेर राहून नावे देणारे यूडेव्ह आणले. यूएसबी-सिरीयलचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांतही तेच होते, हे इथे विसरू नये. २००६पर्यंत डेव्हएफएस कर्नलमधून गेले. आजची 'बाय-आयडी' आणि 'बाय-पाथ' ही नावे यूडेव्हच्या नियमांतूनच तयार होतात. पहिले नाव उत्पादक, मॉडेल आणि अनुक्रमांक जोडून बनते, दुसरे खाचेवरून.

विंडोज तर कॉम क्रमांक लक्षात ठेवते, असे कोणी म्हणेल. ठेवते, पण अनुक्रमांकाच्या भरवशावर. अनुक्रमांक नसलेला अडॅप्टर दुसऱ्या खाचेत घातला की तिथेही नवा कॉम क्रमांक उगवतो. खरी गाठ चिपमध्ये आहे. एफटीडीआयच्या चिपमध्ये साधारणपणे वेगळा अनुक्रमांक असतो, स्वस्त सीएच३४०मध्ये बहुधा नसतोच. अशा दोन जुळ्यांना 'बाय-आयडी'मध्ये एकच नाव मिळते आणि एक दुसऱ्याला झाकतो. नकली चिपांचा प्रश्न वेगळाच. २०१४ साली एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा उत्पादन-क्रमांक शून्य करून टाकला, तेव्हा लिनक्सने तो शून्यही ओळखीच्या यादीत घेतला. चिप चालू झाली, पण दोन नकली चिपांवर एकच अनुक्रमांक कोरलेला असेल तर त्या वेगळ्या ओळखण्याचा उपाय त्यात नव्हता.

म्हणून अनेक अडॅप्टरांचा घोळ सोडवताना आधी कर्नलचा लॉग आणि प्रत्येकाचा अनुक्रमांक पाहावा. तो वेगळा असेल तर यूडेव्हच्या नियमात तोच धरावा. नसेल तर 'बाय-पाथ'वर विसंबावे आणि हबची जागा बदलू नये. जंपरच्या काळातला पत्ता असा खाचेच्या रूपाने परत येतो. फक्त हबच्या खाचांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम आता वापरणाऱ्याकडे आले आहे.