भुताच्या पुस्तकाचं भाडं

परवा अमरावतीहून अकोल्याला परत येत होतो. बडनेऱ्याला गाडी बदलली तर समोर कॉलेजातला एक मुलगा मोबाईलवर 'तुंबाड' बघत बसलेला. जुनी खोड, राहवलं नाही. विचारलं, "या सिनेमाच्या मागे नारायण धारप आहेत, ठाऊक आहे का?" त्यानं कानातली बोंडं काढली. "कोण जी?"

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीच सांगितलं आहे, की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना धारपांची एक गोष्ट सांगितली. सिनेमाचं बीज तिथं पडलं, सिनेमा आला २०१८ साली. म्हणजे गोष्ट उगवली ती आपल्या विदर्भातल्या रानात! पण तोवर धारपांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

धारप (१९२५-२००८) शिकलेले बी.एस्सी. टेक., आणि लिहिली भुताखेतांची शंभरावर पुस्तकं. स्टीफन किंगच्या कथांवर ते बेतायचे हे खरं. 'लुचाई' ही त्याच्या 'सालेम्स लॉट'वरून आलेली. पण अमेरिकेतली भीती मराठी घरात आणून बसवायची, तर नुसत्या भाषांतरानं भागत नाही. त्यांच्या गोष्टीत माणसं चारचौघांसारखी असतात, घर ओळखीचं असतं, आणि मग हळूच एक दार उघडतं. अशुभाशी झुंजायला त्यांनी 'समर्थ' उभे केले. तो आधार आपल्या मातीतला.

पण आम्ही मराठीचे मास्तर! आमच्या लेखी हे वाङ्मय नव्हतंच. असली पुस्तकं विकत घेणारे थोडे. ती जगली भाड्याच्या लायब्रऱ्यांवर. खाकी कव्हर, कोपरे दुमडलेले, मधल्या पानावर चहाचा डाग.

१९८६ सालची गोष्ट. अकोल्यात नववीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलाकडून मी धारपांचं पुस्तक जप्त केलं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, लायब्ररीचं हाय जी, रोजचं भाडं चढते." मी ऐकलं नाही. रात्री घरी चाळायला घेतलं, आणि खरं सांगतो, दोन वाजेपर्यंत खाली ठेवलं नाही. नंतर मागल्या दारी जायची हिंमत होईना. तरी पुस्तक परत केलं आठवड्यानं, वर उपदेशही केला. भाडं त्यानंच भरलं असणार. पुढे त्याच्या हातात अभ्यासाखेरीज दुसरं पुस्तक मला दिसलं नाही. याला मी शिस्त समजत होतो.

उपेक्षा तशी जुनीच म्हणा. गुणाढ्याची दंतकथा 'कथासरित्सागरा'त आहे. त्यानं पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्तानं, सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली आणि पैठणच्या सातवाहन राजाकडे पाठवली. भाषा पिशाचांची म्हणून राजानं नाक मुरडलं. मग गुणाढ्य रानात एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. चारापाणी सोडून जनावरं ऐकत उभी राहिली. राजा धावत आला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते. लहानपणी 'चांदोबा'त आम्ही चाटूनपुसून वाचलेला विक्रम-वेताळ याच परंपरेतला. तेव्हा मात्र कुणी हिसकावून घेत नव्हतं. गंमतच आहे.

हे सगळं त्या मुलाला सांगता सांगता मूर्तिजापूर मागे पडलं. 'लुचाई'ची सुरुवातही सांगितली, पुढचं मुद्दाम सांगितलं नाही. सिनेमा त्यानं केव्हाच थांबवला होता.

"पुस्तक भेटते का जी आता?"

म्हटलं, संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनानं धारपांची बरीच पुस्तकं पुन्हा काढली आहेत. नाव त्यानं मोबाईलवर टिपून घेतलं. माझ्या पिशवीत धारपांचं एक होतं, ते त्याला देऊन टाकलं. परत कसं करू, पत्ता द्या म्हणाला. राहू दे म्हटलं.