मर्यादित देयता
कंपनी बुडाल्यास भागधारकावर त्याच्या भागांच्या दर्शनी मूल्यापलीकडे देण्याची जबाबदारी येऊ न देणारे वैधानिक तत्त्व. सामान्य भागीदारीत भागीदाराचे घरदारही पेढीच्या कर्जास बांधील असते. भारतात १८५७ च्या अधिनियमाने कंपन्यांना ही सवलत मिळाली. बँकांना ती १८६० मध्ये देण्यात आली. परस्परांना अपरिचित अशा लोकांच्या पैशातून मोठे भांडवल उभारणे त्यामुळे सुकर झाले. तोटा मात्र त्यामुळे नाहीसा होत नाही. भागधारकावर न पडलेला भार धनकोंना सोसावा लागतो. कंपनी काढणे सोपे झाले, तशी सट्टेबाजीही. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव भडकून मुंबईत अमाप पैसा आला आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा माजला. भागांच्या तारणावर कर्जे देण्याची मुभा बँक ऑफ बाँबेला १८६३ मध्ये मिळालीच होती. युद्ध संपताच भाव कोसळले, तारण निरुपयोगी ठरले आणि १८६८ मध्ये बँकेचे विसर्जन झाले.