प्रावरणातील खारे द्रायू

प्रावरणातील खारे द्रायू : अधोगमन क्षेत्रात महासागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली उतरताना त्यातून सुटणारे आणि वरच्या प्रावरणी खडकातून झिरपणारे, मीठ विरघळलेले अतितप्त पाणी. त्यात कार्बन डाय-ऑक्साइडही असतो.

उगम : महासागराच्या तळाच्या खडकांत समुद्राचे पाणी मुरते आणि खनिजांच्या घडणीतच बांधले जाते. सर्पेंटाइन या खनिजात वजनाच्या सुमारे १३% पाणी असते. भूपट्ट खोल जाऊन तापला, की अशी खनिजे विघटित होतात व पाणी मोकळे होते.

वहन : प्रावरणात ऑलिव्हीन हे खनिज विपुल आहे. दोन ऑलिव्हीन कण जिथे द्रायूला भिडतात, तिथे त्यांच्या पृष्ठांमध्ये होणाऱ्या कोनाला द्वितल कोन म्हणतात. हा कोन ६०° पेक्षा कमी असल्यास कणांच्या कडांलगत अखंड नलिकाजाल तयार होते आणि अत्यल्प द्रायूही पुढे सरकतो. कोन त्याहून मोठा असल्यास थोडा द्रायू सुट्या कप्प्यांत अडकून पडतो. तुलनेने कमी तापमानाला व दाबाला शुद्ध पाण्याचा कोन ६०° च्या वर राहतो; मीठ तो कमी करते, असे प्रयोगांत आढळले आहे. पाण्याची वाट मोकळी होणे असे मिठावर अवलंबून असते.

पुरावे : फिलिपीन्समधील पिनाटूबो ज्वालामुखीने वर आणलेल्या प्रावरणी खडकांत द्रायूचे सूक्ष्म अंतर्वेश सापडले. तात्सुहिको कावामोतो व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्यांची लवणता सुमारे ५% असल्याचे दाखवले. समुद्राच्या पाण्याची ती सरासरी ३.५% असते. खारे पाणी विजेचे सुवाहक असल्याने भूगर्भातील विद्युत्‌वाहकतेच्या मापनातूनही अशा द्रायूंचा माग लागतो.

परिणाम : पाण्यामुळे प्रावरणी खडकाचा वितळणबिंदू काहीशे अंशांनी उतरतो व शिलारस तयार होतो. अधोगमन क्षेत्रांवरील ज्वालामुखींच्या रांगा त्यातूनच घडतात. द्रायूतील क्लोराइडामुळे शिसे व रुबिडियम ही मूलद्रव्ये त्यात अधिक विरघळून वर जातात. काही द्रायू शिलारसाविनाही भूपृष्ठ गाठतात. जपानमध्ये कोबेजवळच्या आरिमा येथे जवळपास जागृत ज्वालामुखी नसतानाही समुद्राहून खारट उन्हाळी आहेत. त्यांच्या पाण्याचा उगम खाली उतरणाऱ्या फिलिपीन समुद्र भूपट्टात असल्याचे मानतात. सागरतळाच्या खडकात मुरलेले पाणी तिथे झऱ्याच्या रूपाने पुन्हा उजेडात येते.